इंग्रजीच्या तासाचा जकातनाका

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत एक विषय असा आहे की जो सर्वांना घ्यावा लागतो आणि जो कोणीही वाचत नाही. त्या विषयाचे नाव इंग्रजी. अभ्यासक्रमाच्या कागदावर त्याचे नामकरण अधूनमधून होत असते. कधी तो 'अनिवार्य इंग्रजी' असतो, कधी 'संभाषण-कौशल्य' होतो, नव्या शैक्षणिक धोरणानंतर तो 'क्षमता-संवर्धना'च्या सदरात जाऊन बसला आहे. नाव कोणतेही असो, त्याचे कार्य बदललेले नाही. खेड्यापाड्यांतून, वाड्यावस्त्यांतून, मराठी शाळांतून आलेल्या मुलामुलींना पदवीच्या दाराशी अडवावयाचे, त्यांच्याकडून पाठांतराची जकात वसूल करावयाची आणि ज्यांच्यापाशी भरावयास काही नाही त्यांना आल्या वाटेने परत पाठवावयाचे, हे ते कार्य. मुंबईचे जकातनाके १ जुलै २०१७ रोजी बंद झाले. हा एक नाका मात्र मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून, म्हणजे १८५७ पासून, अखंड चालू आहे. त्याच्याविरुद्ध बोलावयास उजवे तयार नाहीत, डावे तयार नाहीत, आणि ज्यांनी एकेकाळी त्याविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठविला ते आपण समाजवादीही आज मौन धरून बसलो आहोत.

हे लिहिणारी इंग्रजीची द्वेष्टी नाही. इंग्रजी हाच विषय विशेष म्हणून घेऊन पदवीचा अभ्यास करणारी ती एक विद्यार्थिनी आहे. हे आरंभीच सांगितलेले बरे. नाहीतर कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट आमच्यासाठी ठेवलेलीच असते.

वर्गात वाचन म्हणून जे काही होते ते एका पाठाच्या आधारे सांगते. जॉर्ज ऑर्वेल याचा 'शूटिंग अॅन एलिफंट' हा १९३६ सालचा निबंध आमच्या पाठ्यसंग्रहात होता. या पानाच्या वाचकांना ऑर्वेलची ओळख करून देण्याची गरज नसावी. बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेला, १९२२ ते १९२७ ही पाच वर्षे ब्रह्मदेशात साम्राज्याच्या पोलीस खात्यात काढलेला, त्या नोकरीची किळस येऊन ती सोडून दिलेला, आणि पुढे स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांशी लढताना गळ्यात गोळी लागून थोडक्यात वाचलेला हा लेखक स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवून घेत असे. निबंधातील घटना साधी आहे. मोलमीन गावी माजावर आलेला एक पाळीव हत्ती साखळी तोडून बाजारात धुमाकूळ घालतो आणि एका मजुराला चिरडतो. गोरा पोलीस अधिकारी बंदूक मागवून घेऊन निघतो. त्याच्या पाठीशी दोन हजारांचा जमाव. तो पोहोचतो तेव्हा हत्ती शांत होऊन गवत खात उभा असतो. त्याला मारण्याचे कारण उरलेले नसते. तरीही अधिकारी गोळी घालतो, कारण जमावाची तशी अपेक्षा असते आणि साहेबाने साहेबासारखे वागलेच पाहिजे. राज्य करणारा ज्यांच्यावर राज्य करतो त्यांच्याच नजरेचा कैदी होतो, हे त्या निबंधाचे सार.

आता प्रश्न असा की, मेलेला मजूर कोण होता? तो ब्रह्मी नव्हता. तो दक्षिण भारतातून तिकडे गेलेला हिंदी मजूर होता. हत्तीचा मालकही हिंदीच होता आणि म्हणून त्याच्या संतापाला काडीची किंमत नव्हती. पुढे गोऱ्या मंडळींत या प्रकाराची चर्चा होते तेव्हा तरुण साहेबांचे मत असे पडते की, एका कुलीपायी एवढा मोलाचा हत्ती मारणे ही शरमेची गोष्ट होय. लेखक स्वतःविषयी जे सांगतो ते तर याहून भयंकर आहे. तो मजूर मेला याचे त्याला बरे वाटले, कारण त्यामुळे त्याची कृती कायद्यात बसली! हा मजूर, ज्याला निबंधात नावही नाही, आमच्या वर्गातून पाच मिनिटांत नाहीसा झाला. ज्याचे आईवडील दर वर्षी दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात असा एक वर्गबंधू उभा राहिला आणि त्याने मराठीत विचारले, "सर, हा माणूस एवढ्या लांब कशाला गेला होता?" प्रश्न इंग्रजीतून विचारावा, असे त्याला सांगण्यात आले. तो खाली बसला. त्यानंतर त्या तासाला त्याने प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

त्या एका प्रश्नात निबंधाचा अर्धा अर्थ साठविलेला होता. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. इरावतीच्या खोऱ्यातील भातशेती, रंगूनचे बंदर आणि तेथील भातगिरण्या यांच्यासाठी मद्रास इलाख्यातील तेलुगू आणि तमिळ मुलखांतून मजूर नेले जात. नेणाऱ्या मध्यस्थाला मेस्त्री म्हणत. तो आगाऊ रक्कम देई आणि त्या कर्जाने मजूर बांधला जाई. रंगून शहराची निम्म्याहून अधिक वस्ती त्या काळी हिंदी लोकांची होती. म्हणजे मेस्त्री आणि मुकादम, आगाऊ रक्कम आणि उचल, इरावतीचे खाचर आणि कृष्णाकाठचा उसाचा फड यांत फरक भूगोलाचा आहे. हे त्या मुलाला कोणी सांगावे लागले नसते. त्याला फक्त बोलू द्यावे लागले असते. मराठी मुलखाला ब्रह्मदेश इतका परका आहे असेही नाही. लोकमान्यांनी १९०८ ते १९१४ ही वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढली, गीतारहस्य तेथेच लिहिले. त्यांच्या सुटकेनंतर आठ वर्षांनी हाच ऑर्वेल पोलिसी शिक्षण घेण्यासाठी त्याच मंडालेत येऊन दाखल झाला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इंग्रजांनी १८८६ साली आणून ठेवला तो आपल्या रत्नागिरीत, आणि १९१६ साली तो वारला तोही रत्नागिरीतच. यांतील एकही गोष्ट इंग्रजीच्या तासाला उच्चारली गेली नाही. ब्रह्मदेश हा आमच्यासाठी गाइडातील एका टिपेतला शब्द राहिला.

होय, गाइड! कारण निबंध शिकविला जातो तो गाइडाच्या सोयीने. लेखकाचा परिचय, सारांश, जमावाची भूमिका, हत्तीच्या मृत्यूचे वर्णन, शीर्षकाची समर्पकता आणि साम्राज्यवादावरील टीका अशी ठरीव उत्तरे असतात. साम्राज्यवादावरील टीका चार मुद्द्यांत असते. ते चार मुद्दे आम्ही रात्री डोळे मिटून घोकतो आणि सकाळी उत्तरपत्रिकेवर ओततो. साम्राज्याचा निषेध साम्राज्याच्याच भाषेत, अर्थ न कळता, मंत्रासारखा म्हणावयाचा आणि त्याची दक्षिणा पाच गुण! याच ऑर्वेलने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. तयार शब्दप्रयोगांचे तुकडे जोडून लिहिणारा माणूस विचार करण्याचे काम त्या तुकड्यांवर सोपवून मोकळा होतो, असे त्यात त्याने बजावले आहे. ज्या लेखकाने घोकीव भाषेविरुद्ध एवढा आक्रोश केला त्याचाच निबंध आमच्याकडून घोकून घेतला जातो. अभ्यासमंडळातील विद्वानांना यातील विनोद दिसत नसेल काय?

आता उलट बाजूही सांगते. वसतिगृहात आम्ही पाचसहा जणींनी हाच निबंध शब्दकोश उघडून, वाक्य वाक्य मराठीत फोडून, तीन संध्याकाळी वाचला. तेव्हा आमच्यात जे भांडण झाले तसे भांडण वर्गात कधी झाले नाही. एकीचे म्हणणे असे की, साहेबाची घुसमट आम्ही का समजून घ्यावी? मेला तो कुली आणि मेला तो हत्ती. दुःख मात्र बंदूकवाल्याचे ऐकावयाचे! दुसरीचे म्हणणे असे की, स्वतःचा नीचपणा इतक्या उघडपणे लिहिणारा दुसरा अधिकारी दाखवा. तिसरीला जमाव ओळखीचा वाटला. तिच्या गावात एका आंतरजातीय लग्नाच्या वेळी असाच जमाव जमला होता आणि मुलीच्या बापाला, त्याच्या मनात नसताना, त्या जमावासमोर 'बापासारखे' वागावे लागले होते. हे वाचन नव्हे तर काय? परंतु यातले अक्षरही उत्तरपत्रिकेत लिहिण्याची सोय नाही. ते इंग्रजीत लिहिण्याइतकी आमची इंग्रजी सजली नाही, आणि मराठीत लिहिले तर शून्य.

येथे कोणी म्हणेल की, हा दोष शिकविणाऱ्यांचा. प्राध्यापकांवर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे. एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुले, वर्षानुवर्षे न भरलेल्या जागा, आणि तासिका तत्त्वावर राबणारा एक तरुण, ज्याचे मानधन महिनोन्महिने थकलेले असते आणि ज्याला पुढच्या सत्रात काम मिळेल की नाही याची शाश्वती नसते. त्याने प्रत्येकाला बोलते करावे, प्रत्येकाचे लेखन तपासावे, ही अपेक्षा ज्यांनी करावी त्यांनी आधी त्याचा पगार करावा. खरे सांगावयाचे तर त्याची अवस्था ऑर्वेलच्या अधिकाऱ्यासारखीच आहे. त्यालाही ठाऊक असते की हा हत्ती मारण्यात अर्थ नाही, या मुलांशी मराठीत बोलले तर निबंध जिवंत होईल; पण पाठीमागे निकालाची टक्केवारी उभी असते, अभ्यासक्रम 'पुरा' झाल्याची नोंदवही उभी असते, इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच ऐकू आली पाहिजे असे मानणारी संस्था उभी असते. तो गोळी घालतो.

अंतर्गत मूल्यमापनाविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही. प्रकल्प म्हणून जे सादर होते ते फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात, मागच्या वर्षीच्या प्रतीवरून, पहिले पान तेवढे बदलून तयार होते. गेल्या काही वर्षांत मोबाइलमधले यंत्रच निबंध लिहून देऊ लागले आहे, आणि त्यावरून परिसंवाद भरू लागले आहेत. जे काम गाइड पैसे घेऊन करीत होते तेच यंत्र फुकट करते, एवढाच काय तो फरक. यंत्र नव्हते तेव्हा आमच्या उत्तरांत आम्ही होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रद्दीत जाण्याआधी एकदा चाळावेत.

हे सारे अनवधानाने घडलेले नाही. २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात मेकॉलेने जो वर्ग निर्माण करण्याची शिफारस केली तो राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधल्या दुभाष्यांचा वर्ग होता. सर्वांना शिकविणे परवडणार नाही, वरच्या थोड्यांना शिकवावे, तेथून ज्ञान खाली झिरपेल, असा तो हिशेब. ज्योतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे या हिशेबातील लबाडी उघड केली. कर भरतो शेतकरी, त्या पैशावर उच्च शिक्षण घेतो उच्चवर्णीय, आणि शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही मिळत नाही. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषय झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. त्याच्या कितीतरी आधीपासून कलकत्ता आणि मुंबई येथील मुले शेक्सपिअर आणि मिल्टन घोकीत होती. इंग्रजांना स्वतःच्या मुलांपेक्षा आमच्या मुलांच्या साहित्यप्रेमाची चिंता अधिक होती असे मानावयाचे काय? या विषयावर गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली सविस्तर ग्रंथ लिहून दाखविले आहे की, साहित्याचे हे अध्यापन राज्य टिकविण्याच्या साधनांपैकी एक साधन होते. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही मुंबई विद्यापीठात मराठीला शिरकाव मिळावा म्हणून आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली, ती उगाच नव्हे.

दुभाष्यांची गरज संपली तेव्हा कारकुनांची गरज आली, आणि आता कारकुनांचीही संपली आहे. म्हणून पाठ्यपुस्तकांतून साहित्य हळूहळू मागे सरते आहे आणि त्याच्या जागी नोकरीचा अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत हसावे किती, संतापलेल्या ग्राहकाची क्षमा कशी मागावी, याचे धडे येत आहेत. पूर्वी निदान मिल्टन घोकून घेत. आता क्षमायाचना घोकून घेतात. ज्या कंपन्यांसाठी हे कौशल्य आहे त्या कंपन्या आमच्या तालुक्यात नाहीत. येथे आहे तो साखर कारखाना, आणि तेथे मुकादमाशी बोलण्यास इंग्रजी लागत नाही.

एका आक्षेपाचे उत्तर मात्र नीट दिले पाहिजे, कारण तो आक्षेप घेणारे आपले आप्त आहेत. दलित चळवळीतील अनेकजण म्हणतात की, मराठीचे गोडवे गाणाऱ्यांनी आम्हांला मराठीत काय दिले? गावकुसाबाहेर ठेवणारी भाषाही मराठीच होती. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो याच जाणिवेने. बाबासाहेबांचे अर्थशास्त्रावरील आणि जातिव्यवस्थेवरील ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि त्या भाषेच्या बळावरच त्यांनी आमचा प्रश्न जगाच्या चव्हाट्यावर मांडला. २०१० साली उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात बांका गावी दलित कार्यकर्त्यांनी इंग्रजी देवीचे मंदिर बांधण्यास घेतले तेव्हा आपल्याकडील शहाण्यांना हसू आले. मला आले नाही. ज्या दारातून आपल्याला सदैव हाकलले गेले त्या दाराला कोणी देव म्हटले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? मराठी शाळेतून पोराला काढून, कर्ज काढून, पत्र्याच्या खोलीत भरणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणारी मोलकरीण मूर्ख नाही. बाजार तिला कळतो. आपल्या ठरावांना कळत नाही.

परंतु तिला मिळते काय, हा माझा प्रश्न आहे. तिने मागितली इंग्रजी. तिच्या पदरात पडतो इंग्रजीचा नाका. बाबासाहेबांनी जी इंग्रजी कमावली ती पुस्तकांचा फडशा पाडून कमावली, आणि समाजाशी बोलावयाचे झाले तेव्हा १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' त्यांनी मराठीतच काढले. दोन्ही भाषा त्यांनी हत्यारासारख्या वापरल्या. आमच्या हाती हत्यार दिलेच जात नाही. हत्याराचे वर्णन पाठ करून घेतले जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. बारा वर्षे इंग्रजी शिकून महाविद्यालयात आलेली आमच्यासारखी मुले इंग्रजी वर्तमानपत्राचा एक रकाना न अडखळता वाचू शकत नाहीत, हे वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०२० च्या कायद्याने मराठी पहिली ते दहावी सक्तीची झाली. त्याच्या पलीकडे बारावीच्या परीक्षेत अनिवार्य राहिली ती इंग्रजी. माझ्या ओळखीच्या मुलींपैकी ज्या बारावीला 'इंग्रजीत राहिल्या' त्यांची पुढच्या लग्नसराईत लग्ने उरकली. इतिहास त्यांना येत होता, अर्थशास्त्र येत होते, एकीचे मराठी लेखन तर माझ्यापेक्षा सरस होते. हा नाका कोणाला अडवितो याचा याहून वेगळा पुरावा काय द्यावा?

आता आपल्या घराकडे वळते. डॉ. राममनोहर लोहियांनी 'अंग्रेजी हटाओ'ची हाक दिली तेव्हा त्यांच्यावर संकुचितपणाचा आरोप झाला. ज्याने बर्लिनला जाऊन जर्मन भाषेत डॉक्टरेट मिळविली आणि ज्याने स्वतः उत्तम इंग्रजी लिहिली त्याला संकुचित म्हणणारे धन्य होत. लोहियांचा विरोध भाषेला नव्हता, मूठभरांच्या हातातील तिच्या सत्तेला होता. त्या विचाराला कायद्याचे रूप देण्याचे धैर्य एका माणसाने दाखविले. १९६७ साली बिहारच्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारात शिक्षणमंत्री असताना कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. न्हाव्याच्या घरी जन्मलेल्या या समाजवाद्याला ठाऊक होते की, इंग्रजीच्या एका विषयापायी मागास जातींची मुले आणि सर्व जातींच्या मुली शाळेबाहेर फेकल्या जात आहेत. त्या सवलतीने उत्तीर्ण झालेल्यांना 'कर्पूरी डिव्हिजन' म्हणून हिणविण्यात आले. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले तेव्हा हिणविणाऱ्यांचे वारसही हार घेऊन रांगेत उभे होते. कर्पूरींच्या निर्णयाची मर्यादाही पाहिली पाहिजे. मॅट्रिकचा नाका उठला, पण पुढचे नाके तसेच राहिले. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने १९८०च्या दशकाच्या आरंभी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढली आणि पुढे तिला तो निर्णय फिरवावा लागला, कारण सरकारी शाळेतून इंग्रजी गेली तेव्हा खाजगी शाळेत ती विकत मिळत होती. ज्याच्याकडे पैसा त्याला इंग्रजी आणि ज्याच्याकडे नाही त्याला मातृभाषेचा अभिमान, अशी वाटणी झाली. कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविलेली समान शाळा जोवर येत नाही तोवर केवळ इंग्रजी काढण्याने गरिबाचेच हात रिकामे होतात.

आणि आपण? २०२५ साली पहिलीपासून हिंदी लादण्याच्या शासननिर्णयाविरुद्ध महाराष्ट्र उठला, जूनअखेर सरकारला दोन्ही निर्णय रद्द करावे लागले, हे योग्यच झाले. त्या लढ्यात आपलीही माणसे होती. परंतु त्या सभांत पहिलीपासूनच्या इंग्रजीवर कोणी बोलल्याचे माझ्या कानावर आले नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांत आणि कमी पटाच्या मराठी शाळांना कुलपे घालणाऱ्यांत कित्येकदा एकच हात दिसतो, असे आपण म्हणतो. मग आपले हात कोठे आहेत? आपल्या शिबिरांत मातृभाषेतील शिक्षणावर बौद्धिक देणारे कितीतरी ज्येष्ठ शिबिर संपताच नातवंडाच्या इंग्रजी शाळेच्या स्नेहसंमेलनाला जावयास निघतात. त्याबद्दल त्यांचा राग नाही. त्या मोलकरणीने जे केले तेच त्यांनी केले आहे. राग याचा की, तिला उपदेश करताना ते हे सांगत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे. इंग्रजी शिकवा, चांगली शिकवा, पण ती जकात म्हणून वसूल करू नका. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा १९७९ पासून मराठीत देता येते. मराठीत उत्तरे लिहून माणूस भारताचा जिल्हाधिकारी होऊ शकतो. मग पदवीच्या वर्गातील मुलाला ऑर्वेलच्या मजुराविषयी मराठीत लिहू देण्याने कोणते आकाश कोसळणार आहे? साहित्याच्या आकलनाची परीक्षा विद्यार्थ्याला येते त्या भाषेत घ्या. इंग्रजीच्या ज्ञानाची परीक्षा वेगळी घ्या, आणि ती घ्यावयाची तर कधी न पाहिलेला उतारा द्या आणि सोबत शब्दकोश वापरू द्या, म्हणजे गाइडांचा धंदा एका वर्षात बसेल. इंग्रजीतील गुण पदवीपत्रावर स्वतंत्र नोंदवा. परंतु इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, मराठीच्या विद्यार्थ्याची पदवी त्यापायी अडवू नका. वर्गात मराठीत प्रश्न विचारण्यास मुभा हवी, हे लिहावे लागावे याचीच लाज वाटते. रिकाम्या जागा पूर्ण पगारावर भरा. आणि जे पाठ नेमता त्यांची चांगली मराठी भाषांतरे विद्यापीठाने छापून मुलांच्या हाती द्यावीत. अमळनेरच्या शाळेत शिकविलेल्या साने गुरुजींनी टॉल्स्टॉयचा कलेवरील ग्रंथ मराठीत आणला. विद्यापीठांपाशी त्यांच्यापेक्षा अधिक माणसे आणि अधिक पैसा आहे.

यांपैकी बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने आणि विद्वत्परिषदेने मनावर घेतले तर पुष्कळ काम होईल. अधिसभेवर आपल्या विचारांची माणसे आजही निवडून जातात. त्यांनी पुढील बैठकीत हा ठराव मांडावा. त्याचा मसुदा आम्ही विद्यार्थी करून देऊ, अर्थात मराठीत. आणि पक्षाच्या पुढील अधिवेशनात भाषाविषयक ठराव येईल तेव्हा व्यासपीठावरील प्रत्येकाने तो मांडण्यापूर्वी आपल्या घरातील मुले कोणत्या माध्यमाच्या शाळेत जातात आणि का जातात, एवढे उभे राहून सांगावे. त्यानंतरच्या चर्चेत बोलण्यासाठी मी माझे नाव आताच देऊन ठेवते.